वहीतले शेवटचे दोन आकडे

टीव्ही तापला की मागून भाजलेल्या धुळीचा वास येतो आणि मला नवीन जालन्यातलं बियाण्याच्या कंपनीचं ऑफिस आठवतं. तिथल्या कंप्युटरलाही तसाच वास यायचा. मी तिथं झाडलोट करायची. सुनंदा मॅडमनी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. तो कंप्युटरची मेमरी घेतो आणि परत सोडत नाही, म्हणजे मेमरीची गळती होते, असा साहेबांना संशय होता.

साहेब बदनापूरला निघताना म्हणाले, "मावशी, पडद्यावरचा मेमरीचा हा आकडा दर तासाला वहीत उतरवा. बिलकुल चुकवू नका."

दुपारपर्यंत आकडा वाढत गेला. मग कंप्युटरच्या खोलीत बियाणं न्यायला आलेले दुकानदार येऊन बसले. एवढ्या पुरुषांत जायची मला लाज वाटली. शेवटचे दोन आकडे मी बाहेर बसूनच, अंदाजानं वाढवून लिहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही पाहिली. "थांबायचं नावच न्हाई. गळतीच हाय ही, सुनंदा."

मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशीनं लिव्हलंय, मंग बराबरच असंल."

त्याच आठवड्यात मॅडमना कामावरून काढलं. नंतर आलेल्या नव्या माणसानं प्रोग्राम दिवसभर चालवून पाहिला. आकडा दुपारनंतर एका जागी थांबला. घेतलेलीच मेमरी प्रोग्राम पुन्हा वापरत होता, गळती नव्हतीच. तो माणूस हे साहेबांना सांगत होता तेव्हा मी तिथंच फरशी पुसत होते. शेवटचे दोन आकडे अंदाजाचे होते, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.