पोचल्याची पावती

दर रविवारी मी सरांना फोन करतो. त्यांनीच मला कॉम्प्युटर नेटवर्क शिकवलं, आता मी तेच शिकवतो. हल्ली मी काही विचारलं की पलीकडे शांतता असते आणि स्क्रीनवर कॉलचे सेकंद तेवढे सरकत राहतात. रेंजचा घोळ असेल म्हणून मी त्यांना नवीन सिमकार्डसुद्धा घेऊन दिलं.

वर्गात मी सांगतो, की निरोप पोचल्याची पावती आली नाही तर तो पुन्हा पाठवायचा. पण घाईने पाठवला, तर पहिला वाटेत असतानाच दुसरा मागून येतो आणि उगाच गर्दी वाढते. किती थांबायचं, या एवढ्याशा प्रश्नावर माझी वीस वर्षं गेली.

मागच्या महिन्यात एकाच कॉलवर मी तिसऱ्यांदा म्हणालो, "हॅलो, सर, आज काय जेवलात?"

"अरे, पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं मला," सर सावकाश म्हणाले. "आठवत होतो, तेवढ्यात तू पुन्हा विचारलंस. आता परत पहिल्यापासून."

सिमकार्डात काहीच बिघाड नव्हता.

आता मी एकदाच विचारतो आणि फोन धरून गप्प बसतो. काल एकोणीस सेकंद लागले. पिठलं-भात होता.