प्रभावतीकाकूंनी निवडलेला गहू

सरकारी नमुना घरी नेऊ नये, हे प्रशिक्षणात सांगितलं असणारच. पण तो तास जेवणानंतरचा होता आणि मी करमाळ्याच्या शाळेत शिकलेला. दुपारी डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या तिथलीच.

फरीदाबादच्या पलीकडच्या एका मंडीतून शनिवारी संध्याकाळी मी तपासणीसाठी घेतलेल्या गव्हाच्या नमुन्याची पिशवी घेऊन निघालो. पिशवीला तिथेच लाखेचं सील लावायचं असतं. लाख संपली होती, म्हणून सुतळी बांधली. प्रयोगशाळा सोमवारी उघडणार, तोवर पिशवी दिल्लीत पहाडगंजला प्रभावतीकाकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवली आणि रविवारभर मित्राकडे पत्ते खेळलो.

प्रभावतीकाकू म्हणजे माझ्या घरमालकीण. लग्न होऊन मिरजेहून दिल्लीत आल्या, यजमान मंत्रालयात कारकून होते, ते गेले. मुलगा गाझियाबादला, तो दुकानातून पिशवीबंद आटा आणतो, यावरून मायलेकांचं अजून पटत नाही. काकू दर एप्रिलला वर्षाचा गहू रामफलकडून घ्यायच्या. तो त्याच मंडीत माल आणणारा, दुसऱ्याची जमीन बटाईनं कसणारा म्हातारा. आलेलं धान्य सुपात घेऊन काकू दिवसचे दिवस निवडत बसत. मी पगार किती सांगितला तर त्यातलेही खडे काढत.

त्या वर्षी कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. दाणे काळवंडले, चिमले. असा गहू सरकार हमीभावानं घेत नाही. मात्र मंडीच्या नमुन्यातच पावसाचं नुकसान दिसलं, तर नियम सैल करून घेतं. रामफलचा ढीग मंडीत उघड्यावर पडला होता, आणि तो त्यावरच झोपत होता. सगळं त्या पिशवीवर होतं.

सोमवारी पिशवी बरीच हलकी लागली. उन्हानं वाळली असेल, असं मी शास्त्रीय अनुमान काढलं.

अहवाल आला: गहू उत्तम, सवलतीची गरज नाही. मंडीत ढिगामागून ढीग नाकारले गेले. रात्री जेवताना मी प्रयोगशाळेला शिव्या देत होतो, तेव्हा काकू आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "त्या दारातल्या पिशवीतला ना? अरे, किती घाण होता तो. निम्मा तर काळा. मी निवडून ठेवला."

घास खाली ठेवून मी ती पिशवी कसली होती ते सांगितलं. त्यांना ते पटकन कळलं. कुणाचा ढीग, हेही.

दुसऱ्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून माझ्या ऑफिसात हजर. साहेबांसमोर बसून सगळं सांगितलं, आणि लिहूनही देते म्हणाल्या. साहेब चांगले होते, म्हणून दार लावून घेतलं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. काकूंनी लिहून दिलं तर सवलतीचा आदेश चार दिवसांत निघेल, पण सील नव्हतं हेही कागदावर येईल आणि माझी नोकरी जाईल. नाहीतर काही न बोलता नवा नमुना मागवायचा. त्याला वेळ लागेल.

काकूंनी पेन उघडलं होतं. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो, तिथे पाहण्यासारखं काही नसताना. त्यांनी टोपण लावलं.

नवा नमुना गेला, सील ठोकून. आदेशही निघाला. तोवर पुन्हा ढग आले होते आणि रामफलनं ढीग व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं देऊन टाकला होता.

आदेशाची बातमी ऐकून काकू मला घेऊन मंडीत गेल्या. रामफल रिकाम्या जागेवर ताडपत्री घडी करत होता. काकूंनी त्यांच्या मिरजेकडच्या हिंदीत सगळं सांगितलं. माझं नाव तेवढं गाळलं.

"माताजी," तो म्हणाला, "घर आया गेहूँ तो बीना ही जाता है." घरी आलेला गहू निवडलाच जातो, म्हणे.

काकू रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ताडपत्रीचं दुसरं टोक धरून घडी घालू लागल्या. मी उभाच.

यंदा गहू देशील का, असं काकूंनी भीत भीत विचारलं. तो म्हणाला, जमीनमालकानं पुढच्या सालासाठी दुसरा माणूस पाहिलाय; यंदाचाही घरापुरताच उरलाय.

परतताना उशीर झाला. काकूंची पर्स घरी राहिलेली, माझ्याकडे पाचशेची एकच नोट आणि टेम्पोवाल्याकडे सुटे नाहीत. रामफलनं बंडीच्या खिशातून चाळीस रुपये काढून दोघांचं भाडं देऊन टाकलं. काकू नको नको म्हणेस्तोवर टेम्पो हलला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला पैसे देऊन पाठवलं. रामफल भेटला नाही. अडत्या म्हणाला, नोएडात कुठल्याशा इमारतीवर चौकीदार लागलाय. कुठल्या, ते माहीत नाही. त्यानंतर दोनदा जाऊन आलो. नोएडात इमारती फार आहेत.

ते चाळीस रुपये द्यायचे राहिलेत.