धुतलेल्या पिशव्यांचा कारखाना

पिशवीकाकांनी जन्मभर एकच उद्योग केला. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, त्यांचा लांबलचक फुगा वर चढवायचा आणि तो चपटा करून पिशव्या कापायच्या. उरलेली कातरण ते गुपचूप परत यंत्रात टाकत. एकदा हे मोठ्या गिऱ्हाइकाच्या साहेबाला कळलं, तेव्हा त्याने भेसळ म्हणून अख्खा माल परत पाठवला होता.

तोच साहेब एके दिवशी हसत आला. "काका, यापुढे पिशवीत निम्मं प्लास्टिक लोकांनी वापरून टाकलेलं हवं. पृथ्वीसाठी."

"आणि भाव?"

"भाव तोच. पृथ्वी सगळ्यांचीच आहे ना."

खर्च मात्र एकट्या काकांचा होता. पण कारखाना चालायचा तो याच गिऱ्हाइकाच्या जिवावर. काकांनी घर गहाण टाकून धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र घेतलं, कचरा निवडायला दोन बायका ठेवल्या. गोळा करून, निवडून, धुऊन, वाळवून तो कचरा नव्या दाण्यांपेक्षा महाग पडू लागला. तरी फुगा सारखा फुटे, आणि टिकला तर त्याला शाम्पूचा वास येई.

"घरात इतकी धुतलेली वस्तू दुसरी नाही," काकू म्हणाल्या. "तुमचे सदरेसुद्धा नाहीत."

साहेबाने करडी पिशवी दोन बोटांत धरली. "ही जुनी दिसते."

"जुन्याचीच आहे."

"ते ठीक. पण शेजारच्या कारखान्याची बघा, कशी पांढरीशुभ्र. आठवड्यात तशी द्या, नाहीतर ऑर्डर त्यांना."

शेजाऱ्याची युक्ती अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. तो नव्याकोऱ्या पिशव्याच चुरून पुन्हा वितळवत होता.

"म्हणजे विणलेला स्वेटर उसवायचा, परत विणायचा आणि काटकसर केली म्हणून मिरवायचं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या यंत्रावर चादर पडली. बायकांना कामावरून काढायचा धीर होईना, म्हणून काकांनी त्यांना चुरण्याच्या यंत्रात पिशव्या टाकायला बसवलं. थोरली सवयीने प्रत्येक पिशवी उलटी करून हुंगत होती.

"काका, या कोऱ्या आहेत. चुकून आल्या का?"

"हळू बोला, मावशी. वापरलेल्याच आहेत."

"कोणी वापरल्या?"

काकांनी बटण दाबलं. त्या घरघराटात कोणाचं काही ऐकू येण्याची सोय नव्हती.