आढळलं नाही

माझ्या चुलत सासऱ्यांनी जन्मात कुठलंही उत्तर एका दमात मान्य केलेलं नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी भटजींना मुलीचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं होतं, असं काकू सांगायच्या. काकांचं आयुष्य कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेलं. आता निवृत्तीनंतर वर्गात कुणी उरलं नाही, तेव्हा काका रत्नागिरीतल्या अख्ख्या मांडवीची परीक्षा घेतात. किती वाजले म्हणून विचारावं, तर भिंतीवरचं घड्याळ बघतात, मनगटावरचं बघतात आणि तरी शेजाऱ्यांना हाक मारतात. व्हिडिओ कॉलवर माझं तोंड समोर दिसत असताना आधी "कोण बोलतंय?" विचारतात. एकदा डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर काकांनी तोच पट्टा डॉक्टरांच्या दंडाला बांधायला लावला. डॉक्टरांचा काकांपेक्षा जास्त निघाला. तेव्हापासून दोघं रोज सकाळी सोबतीने समुद्रावर फिरायला जातात.

मी खाडीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका लहानशा संस्थेत काम करते. मागच्या साली आम्ही खाडीतल्या वेगवेगळ्या जागांवरच्या तिसऱ्या तपासायला पाठवल्या होत्या. सुकतीला पाणी ओसरलं की बायका चिखलात बसून या शिंपल्या काढतात आणि बाजारात विकतात. त्यांत शिसं किती आहे, हे पाहायचं होतं. प्रयोगशाळेतून आकडे आले, मी ते आर नावाच्या संख्याशास्त्राच्या संगणकी भाषेत घातले, प्रत्येक जागेची सरासरी काढली आणि अहवाल साहेबांच्या हाती दिला. खाडीच्या तोंडाशी शिसं सगळ्यांत जास्त निघालं होतं. त्याच दिवशी दुपारी तीनला सरकारी कचेरीत बैठक होती, आणि तिथे त्या जागेवर तिसऱ्या काढायला बंदी येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं.

त्या जागी बसणाऱ्या हमीदाभाभींना मी ओळखत होते. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही, आणि त्यांनी तिन्ही मुली त्या चिखलाच्या जिवावर वाढवल्या. सकाळीच त्यांचा फोन आला होता, काय निघालं म्हणून. बैठक झाल्यावर सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला आणि नंतर बराच वेळ माझं कशातच लक्ष लागेना.

काकांची औषधं द्यायला म्हणून दुपारी मांडवीला गेले. ते जेवायला बसत होते. कसली काळजी करतेस, असं त्यांनी विचारल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांचा हात ताटावरच थांबला.

"अगो, नाला शहरातली घाण घेऊन येतो तिथलं पाणी स्वच्छ, आणि समुद्राच्या तोंडाशी शिसं? भरती उलटी फिरते काय तिकडे?"

मला राग आला. मशीनने काढलेली सरासरी आहे, म्हटलं. त्यावर काकांनी हात धुतले, आपला संगणक उघडला आणि माझ्या पिशवीतल्या ऑफिसच्या संगणकावरची फाईल मागितली. फाईल तीच, मी लिहिलेल्या आज्ञांच्या ओळी त्याच. पण त्यांच्या पडद्यावर नाल्याजवळचा आकडा सगळ्यांत वर गेला, खाडीच्या तोंडाची जागा रिकामी राहिली, आणि खाली लाल अक्षरांत कसलीशी सूचना आली.

मी फोन शोधायला लागले. काकांचा चेहरा मात्र घरात बारसं असावं तसा फुलला. साहेबांना फोन लावला, तर बंद. घड्याळात दीड वाजून गेला होता. फाईल बदलली असेल म्हणून पुन्हा ताडून पाहिली. ओळीत चूक असेल म्हणून काकांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेतलं, अगदी स्वल्पविरामासकट. मी रडकुंडीला आले, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे भाताचं ताट सरकवलं आणि दोन घास खाल्ल्याशिवाय पुढची ओळ वाचायला नकार दिला.

मग म्हणाले, "आता त्या रकान्यालाच विचार, बाबा तू कोण?"

विचारलं. माझ्या संगणकावर उत्तर आलं, मी वर्गवारी आहे. काकांच्या संगणकावर आलं, मी मजकूर आहे. संख्या आहे असं दोघांपैकी कुणीच म्हणेना. मी रकाना वरून खाली वाचत गेले आणि खाडीच्या तोंडाच्या नोंदींपाशी थांबले. तिथे प्रयोगशाळेने आकडा लिहिलाच नव्हता. शब्द लिहिले होते: 'आढळलं नाही'.

त्या शब्दांमुळे सगळा रकानाच शब्दांचा धरला गेला होता. काकांकडची आरची आवृत्ती नवी. तिने जमतील तेवढे आकडे केले, शब्दांची जागा मोकळी सोडली आणि तसं सांगितलं. माझ्या ऑफिसच्या संगणकावर जुनी आवृत्ती होती. तिने वेगवेगळ्या नोंदी शब्दकोशासारख्या लावल्या, म्हणजे दहा, अकरा, तेरा आधी आणि दोन, तीन त्यांच्यामागून. मग मूळ आकड्याच्या जागी तिने त्या रांगेतला क्रमांक मुकाट्याने बसवला. नाल्याजवळचा तेरा झाला तीन. 'आढळलं नाही' हे शब्द रांगेत शेवटी, म्हणून त्यांना सगळ्यांत मोठा क्रमांक. जिथे शिसं सापडलंच नव्हतं, तीच जागा मी सगळ्यांत विषारी ठरवली होती.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण 'आढळलं नाही' म्हणजे शून्य नव्हे, यंत्राला दिसलं नाही एवढंच, यावरून काकांनी माझ्याशी वाद घातला आणि अहवालात तसं वाक्य घालायला लावलं. त्यानंतर रिक्षा. जन्म रत्नागिरीत गेलेल्या या माणसाने रिक्षावाल्याला, हा रस्ता कचेरीकडेच जातो ना, असं विचारलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब अहवाल वाचत होते. मी उभी राहिले आणि अहवाल चुकलाय, चूक माझी आहे, असं सांगितलं.  एका अधिकाऱ्यांनी विचारलं की सकाळचं चूक होतं, तर दुपारचं बरोबर कशावरून.  मागच्या खुर्चीतून काका उठले.

"खात्री नाय," ते म्हणाले. "प्रयोगशाळेकडून मूळ कागद मागवा, ताडून बघा. तोवर कुणाचीच चूल विझवू नका."

कागद आले, आकडे जुळले. खाडीचं तोंड मोकळं राहिलं आणि बंदी नाल्याच्या बाजूला आली. हमीदाभाभींनी तिसऱ्यांचं सुकं करून पाठवलं, आणि मी ते डबा उघडून उभ्या उभ्या खाल्लं.

नाल्याच्या बाजूलाही बायका बसायच्या, हा विचार तोवर माझ्या मनात आला नव्हता. त्यांतली एक म्हातारी, काकू होत्या तोवर काकांच्या घरी तिसऱ्या आणून द्यायची आणि काकू गेल्यावरही यायची थांबली नव्हती. काकांना हे त्या दुपारी दुरुस्त आकडे आले तेव्हाच कळलं होतं. मला ते फार उशिरा, त्यांच्याच तोंडून समजलं. पुढे एका रविवारी त्यांनी मला सोबत घेतलं आणि त्या म्हातारीचं घर शोधून काढलं. ती आता कोळंबी सोलायला जाते. तिने आम्हाला चहा दिला, नाल्याचं पाणी कधी सुधारेल म्हणून विचारलं. काकांनी सांगता येत नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि काकूंची आठवण काढली, त्यांना तिसऱ्यांच्या कालवणाच्या वाटपात खोबरं भाजून लागायचं, म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "चांगलं लाल होईपर्यंत."

 चहा निवला, तरी मला उठू या म्हणवेना.