जमिनीवर मांडलेली खुर्ची

सोफा-खुर्च्या दुरुस्त करायच्या त्या कारखान्यात त्याला सगळे थांबाभाऊ म्हणत. कारखाना हा मालकांचा, म्हणजे उस्तादांचा शब्द. खरं तर ती एक लांबट खोली होती. एका टोकाला शटर, दुसऱ्या टोकाला भिंत आणि मध्ये उडणारा काथ्या. काहीही काम सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं: ‘‘थांबा. एकेक सांगा.’’ नवीन गिऱ्हाइकाला वाटे, माणूस फारच भाव खातोय. भाव कशाशी खातात हेही ह्याला माहीत नाही, हे जुन्यांना ठाऊक होतं.

विशीत असताना त्याच्या डोक्यात माणसं बोलू लागली होती. आसपास कोणी नसताना हाका मारत, नावं ठेवत, भिंतीपलीकडचे लोक तुझ्यावर टपून बसलेत असं पढवत. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलं. योग्य गोळी सापडेपर्यंत अक्काच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, नाकी नऊ आले, पण सापडली. आवाज हळूहळू गप्प झाले. आता हा पहिल्यासारखा होणार, असं अक्काने साऱ्या गल्लीला सांगून टाकलं.

तसं काही झालं नाही. आवाज गेले, पण डोक्यातली मांडणी विस्कटली ती विस्कटलीच. एक गोष्ट धरावी तर दुसरी सुटे. दोन माणसं एकदम बोलली की त्याला एकाचंही कळत नसे. समोरचा हसतोय की चिडलाय हे चेहऱ्यावरून उमगायला इतका वेळ लागे, की तोवर समोरचा निघून गेलेला असे. एकदा अक्काने त्याला दूध आणायला धाडलं आणि येताना शेजारणीकडे किल्ली द्यायला सांगितली. शेजारणीला दूध मिळालं, किल्ली घरी परत आली. शेजारीण प्रामाणिक, तिने अर्धं दूध परत केलं.

अक्का त्याला उठता-बसता आळशी म्हणायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तिला समोर बसवलं. ‘‘अहो, हा आळस नाही. आवाज ऐकू येणं हा आजाराचा एक भाग. लक्षात धरणं, क्रम लावणं, पटकन समजणं, हे सगळं मंदावतं, तोही आजाराचाच भाग. पहिल्यावर गोळ्या चालतात. दुसऱ्यावर फारशा चालत नाहीत. तिथे सराव करायचा, युक्त्या शोधायच्या.’’

अक्का घरी आली, स्वयंपाकघरात जाऊन रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि त्या दिवसापासून एका वेळी एकच काम सांगू लागली. एका दमात शेजारणीची चौकशी, भाजीचा भाव आणि नवऱ्याची खरडपट्टी उरकणाऱ्या बाईला ही सक्तमजुरीच होती. ती तिने हूं की चूं न करता भोगली.

उस्तादांकडे त्याला तिनेच चिकटवलं. सुरुवातीला काम एकच, जुन्या खुर्च्यांचे खिळे उपटायचे. त्यात तो रमला. पण खुर्ची पूर्ण उकलायला आणि पुन्हा बांधायला दिली की त्याचं घोडं अडायचं. आधी बैठकीच्या तळाचे पट्टे की आधी त्यांवरच्या स्प्रिंगा, गोणपाट कुठे, काथ्या कुठे, सगळं डोक्यात एकमेकांवर चढायचं. मग त्याची त्यालाच वाट सापडली. खुर्ची उकलताना निघालेली प्रत्येक वस्तू तो जमिनीवर मांडू लागला. सर्वांत आधी निघालेलं कापड शटरापाशी, मग फोम, काथ्या, गोणपाट, स्प्रिंगा, आणि शेवटी निघालेले पट्टे भिंतीपाशी. बांधायची वेळ आली की भिंतीपासून सुरुवात करायची आणि एकेक वस्तू उचलत शटराकडे चालत यायचं. शटराशी पोचला की खुर्ची तयार. डोक्यात राहत नसलेला क्रम असा पायाखाली राहू लागला. उस्ताद त्या रांगेवरून टांग टाकत फिरायचे आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘‘त्याची आगगाडी उभी आहे, रूळ ओलांडू नका.’’

मग उस्तादांची कंबर गेली आणि कारखाना त्यांच्या लेकीकडे आला. तिला सगळे छोटी म्हणत, अंगाने ती बापापेक्षा हातभर उंच असली तरी. मोठ्या फर्निचर कंपनीत काम करून आलेली, हुशार, कामसू आणि जरा घाईची. पहिल्याच दिवशी तिने सरळ सांगितलं, ‘‘थांबाकाका, वाईट मानू नका. मला एकटीला सगळं झेपायचं नाही. जो माणूस एक खुर्ची सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करेल, तोच मला परवडेल. समोरच्या केस कापायच्या दुकानातली आरामखुर्ची आलीये. तेवढी करून दाखवा.’’

थांबाभाऊने आरामखुर्ची जवळ ओढली. हे काम गेलं तर घरी बसावं लागणार. घरी बसल्यावर काय होतं ते त्याने पाहिलं होतं. दिवसभर पलंग, अक्काचा हळू केलेला आवाज, आणि तो झोपलाय असं समजून तिने टाकलेला उसासा. तो उसासा त्याला पुन्हा ऐकायचा नव्हता.

त्याने खुर्ची उकलली. संध्याकाळी घरी जाताना रांग शटरापासून भिंतीपर्यंत नीट लागली होती. जेवताना तो आपणहून म्हणाला, ‘‘उद्या बांधायला घेतो.’’ अक्काला एवढा आनंद झाला की तिने एकदम तीन प्रश्न विचारले. मग स्वतःच जीभ चावून त्यातले दोन परत घेतले.

इकडे छोटीला वाटलं, बिचारा दिवसभर राबून गेला, पसारा आवरायचं त्राण राहिलं नसेल. आपण मदत करावी. तिने पदर खोचला आणि खोली लख्ख केली. खिळे डब्यात, स्प्रिंगा खोक्यात, पट्ट्यांची जुडी, कापडाची घडी. काथ्याचा वेगळा ढीग. चांगल्या मनाने केलेलं काम किती नुकसान करू शकतं याचा हा नमुनाच होता.

सकाळी थांबाभाऊने शटरात पाऊल टाकलं. खोली चकाचक होती. खुर्चीचा नुसता सांगाडा मध्ये उभा. ‘‘कसं वाटतंय?’’ छोटी हसत म्हणाली. पूर्वीचा असता तर तिथूनच घरी वळला असता. वळायला पाय उचललाही होता. पण उसासा आठवला आणि तो तिथल्याच स्टुलावर बसला.

मग त्याने सांगायला सुरुवात केली. वाक्य मध्येच तुटे, मग तो पुन्हा पहिल्यापासून सांगे. छोटीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ‘‘माझ्या डोक्यात क्रम राहत नाही. आजारामुळे. म्हणून मी जमिनीवर ठेवतो. तो पसारा नव्हता. ती खुर्चीच होती.’’

छोटीने रिकाम्या जमिनीकडे पाहिलं. ‘‘काका, मी तुमचं काम मोडलं.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. खोटं बोलून समोरच्याला बरं वाटू द्यावं, हे त्याला जमत नसे.

तिने स्प्रिंगांचं खोकं पुढे ओढलं. ‘‘मी दोनच वस्तू दाखवते. आधी कुठली निघाली, एवढंच सांगा.’’ एका वेळी दोनच म्हटल्यावर त्याला जमू लागलं. गोणपाटावर स्प्रिंगांच्या गंजाची वर्तुळं होती, त्यांनी थोडी साक्ष दिली. काही ठिकाणी त्याचं चुकलं, काही ठिकाणी तिचं, आणि एकदा दोघंही छातीठोकपणे चुकले. दुपार कलायच्या आत रांग पुन्हा उभी राहिली आणि तो भिंतीपासून निघाला.

दुसऱ्या दिवशी तो शटरापाशी पोचला. खुर्ची तयार झाली. समोरचे केशकर्तनकार येऊन दारात उभे राहिले आणि नेमका तेव्हाच छोटीला केराच्या डब्यामागे एक पट्टा दिसला.

तिने तो मुठीत धरला. ‘‘राहू दे काका,’’ ती कुजबुजली. ‘‘एका पट्ट्याने काय होतंय? मला पटलं तुमचं काम.’’

थांबाभाऊ खुर्चीत बसून पाहू लागला. ती डावीकडे किंचित खाली जात होती. तो उठला, खुर्ची उलटी केली आणि खालचं कापड उसवायला बसला.

‘‘अरे देवा,’’ केशकर्तनकार म्हणाले. ‘‘माझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलंय हो तिकडे. त्याला काय सांगू, उरलेली घरी वाढव?’’

थांबाभाऊने हातोडी खाली ठेवली. ‘‘तुम्ही चिडलात का?’’

असं तोंडावर कोणी विचारेल याची त्यांना सवय नव्हती. ते जरा ओशाळले. ‘‘नाही हो. बोलल्याशिवाय मला करमत नाही, एवढंच.’’ आणि उरलेली दाढी करायला निघून गेले. परत आले तेव्हा खुर्ची सरळ बसत होती. तीत बसून त्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांची उणीदुणी काढली, म्हणजे खुर्ची त्यांना मानवली.

मग ते खुर्ची घेऊन गेले. छोटी त्याच्याकडे बघत होती. चेहरा वाचायचा त्याने प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून सरळ विचारलं. ‘‘मी उद्या येऊ का?’’

‘‘उद्या तिघांच्या बैठकीचा सोफा येतोय,’’ ती म्हणाली. ‘‘त्याला तुम्हाला जागा किती लागेल?’’

इतक्या वर्षांत उस्ताद सोडले तर प्रत्येकाने त्याला एकच प्रश्न विचारला होता, वेळ किती लागेल. त्याचं उत्तर त्याच्याकडे कधीच नसे आणि ते नसण्याची त्याला लाज वाटे. ह्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याला आलं. त्याने खोलीभर एक चक्कर मारली, सगळ्या कोपऱ्यांत पाहिलं. त्याला आतून फार बरं वाटत होतं.

‘‘तुमचं टेबल मध्ये येतंय,’’ तो म्हणाला.

छोटीने टेबलावरचं सामान खाली उतरवलं. मग एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने त्याने धरून ते टेबल बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.