पाकोळीला भिंगरी ठरवणारे पत्र

होळीनंतरचा सोमवार: संत तुकाराम नगरातील आमच्या इमारतीच्या पार्किंगच्या छताला असलेली पक्ष्यांची घरटी रंगकामासाठी पाडली गेली. जबाबदार, सोसायटीचे सचिव. आदल्या आठवड्यातील सभा: रंगकामाचा ठराव न वाचता मंजूर. जबाबदार, अध्यक्ष आणि हात वर करणारे सर्व सभासद. तिसरी तारीख मी मुद्दाम मागे ठेवली आहे.

सोमवारी दूध घेऊन परतलो तेव्हा रंगाऱ्याची खरवडायची पट्टी छताला घासत होती. गाड्यांमध्ये एक काळा पक्षी पडला होता, कंबरेवर पांढरा पट्टा. उचलताच त्याने सदऱ्यात नख्या रोवल्या आणि तो उभाच लटकला. रंगारी निघोज गावचा. पडलेले घरटे चुरगाळत म्हणाला, "काका, ह्यात माती न्हाई. समदी पिसंच हायेत."

म्हणजे ही भिंगरी नव्हे, पाकोळी. भिंगरी चिखलाचे गोळे आणून घर बांधते, विजेच्या तारेवर बसते. पाकोळीची चारही बोटे पुढे वळलेली. तिला तारेवर बसताच येत नाही. हवेतली पिसे ती लाळेने चिकटवते. रूप सारखे, पण कुळ वेगळे. शास्त्र तिला भिंगरीपेक्षा हमिंगबर्डच्या जवळची मानते. आणि ती बारा महिने त्याच घरट्यात राहते. मी हात उंच केला तशी ती सुटली, आणि घरटे नसलेल्या जागी पुन्हापुन्हा झेपावत राहिली.

सचिवांना मी सुनावले की कायद्याने पक्ष्याचे घरटे विस्कटणे हीदेखील शिकार आहे. त्यांनी शांतपणे फाइल उघडली.

"काका, ठरावाला तुमचंच पत्र जोडलंय."

तिसरी तारीख, काही वर्षांपूर्वीचा दिवाळी पाडवा. विष्ठेच्या तक्रारीवर मी लिहिले होते: या भिंगऱ्या आहेत, होळीनंतर निघून जातात, तोवर घरट्यांना हात लावू नये. चाकणच्या कंपनीत मी आयुष्यभर तपासणी विभागात होतो. मोजल्याशिवाय एकही सुटा भाग पास केला नाही. पक्षी मात्र दुरून पाहून पास केला. जबाबदार, मी.

मागच्या बाजूची घरटी अजून शाबूत आहेत. आत पिल्ले चिरचिरतात. रविवारी तिथेही पट्टी फिरणार आहे. ते पत्र मी लेखी मागे घेतले. पोच मिळाली, उत्तर नाही. दिवसातून चारदा खाली जाऊन छत पाहतो. माझ्या चुकीची कबुली मी सूचना फलकावर लावली आहे. तिच्या शेजारी, रविवारपूर्वी, सचिवांनी स्वतःच्या सहीने सर्वांसमोर उत्तर द्यावे: आत पिल्ले आहेत हे कळल्यावरही हे काम होणार आहे काय?