कापूस तुडवणारा देवराव

बोरी अरब गावात देवराव कापूस तुडवायचा. बैलबंडीला चहूकडून बांबूच्या तट्ट्या बांधायच्या, मोकळा कापूस आत टाकायचा आणि देवरावनं तो पायानं दाबत दाबत वर चढत यायचं. माणूस जेमतेम सव्वा मणाचा. पायाच्या पिंडऱ्या मात्र बाभळीच्या गाठी. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याची चूल याच कामावर पेटायची.

एकोणसाठ साली बबनराव मालकाच्या मनात आलं, भारी माणूस लावला तर एका बंडीत जास्त कापूस बसेल. आखाड्यातला बळीराम होताच अडीच मणाचा. रोज हजार बैठका मारायचा.

"देवराव, औंदा बळीरामले घेतो. तू आराम कर."

"आराम कायले करू मालक? दोघायले एकेक बंडी द्या. ज्याच्या बंडीत जास्त टोपल्या बसन, तो राहीन."

बळीराम हसला. "अबे बुढ्या, तुले दहा बैठका मारता येत नाई!"

"बैठका मारून कापूस दबते काय गा? पाहू."

दुसऱ्या सकाळी बळीराम आला तो कुस्तीला उतरावा तसा. लंगोट कसलेला, अंगभर तेल चोळलेलं. देवरावनं विहिरीवर पाय धुतले, धोतराच्या सोग्यानं कोरडे केले आणि बंडीत उतरला.

बळीराम उडी मारी आणि मांडीपर्यंत रुते. पाय उपसायचा, की पुन्हा रुतायचा. आखाड्यात जमीन पायाला उलटा रेटा देते. कापूस काहीच देत नाही, नुसतं गिळतो. देवराव कडेकडेनं, टाच दाबत, एका चालीनं फिरत होता. तासाभरात पैलवानाच्या छातीचा भाता झाला. तेलावर रुई चिकटून तो न कातरलेल्या मेंढ्यासारखा दिसू लागला.

"पानी द्या बाप्पा!"

बबनराव चढून पाहतात, तर वरचा कापूस पिवळा झालेला. "अबे, व्यापारी काय म्हनन? कापूस होय हा, का तेलाचा घाणा? उतर खाली!"

देवरावच्या बंडीत अकरा टोपल्या जास्त बसल्या होत्या.

"होळीपर्यंत तूच," मालक म्हणाले. "पण औंदा कापूस जास्त, दुसऱ्या बंडीचं कसं?"

"पैलवानालेच ठेवा. आठ दिवसात चाल शिकवतो. तेल मात्र घरी ठेवून ये म्हणा."

बळीराम शेताच्या धुऱ्यावर बसून अंगावरची रुई उपटत होता. "पिंडऱ्या फुटून राह्यल्या रे," तो म्हणाला.

"होते असं चार दिवस," देवराव म्हणाला, आणि पुढच्या बंडीत उतरला.